प्रार्थना गॉथिक संगीतात म्हटली तर देवनिंदा होते का?

मुलगा गॉथिक, म्हणजे काळोख-मृत्यूभोवती फिरणाऱ्या, गाण्यांतून ख्रिस्ती प्रार्थना ऐकतो, ही देवनिंदा आहे का आणि त्याला थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. नाही. थांबवू नका.

मी वसईची, कॅथलिक, लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात. २००९ साली माझा धाकटा भाऊ किडनीच्या आजाराने गेला. ३४ वर्षांचा होता. त्याच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या अंत्यविधीच्या प्रार्थनेत, मला बायबलमधलं स्तोत्र ८८ वाचायचं होतं. गायकवृंद मामांच्या हाती. ते म्हणाले, "लोकांना धीर द्यायचा असतो, घाबरवायचं नसतं." मग 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे धीराचं स्तोत्र झालं. माझ्या तोंडून एक सूर निघाला नाही.

पुढे त्याचं कपाट आवरताना डायमांडा गॅलास या अमेरिकन गायिकेची सीडी सापडली, 'द डिव्हाइन पनिशमेंट'. १९८६ चा अल्बम. त्याच वर्षी तिचा भाऊ एड्सने गेला. तेव्हा अमेरिकेत एड्स ही देवाची शिक्षा आहे असं काही धर्मोपदेशक उघड सांगत होते. ही बाई त्यांचंच बायबल हातात घेते. त्यातल्या 'लेवीय' पुस्तकाच्या १५ व्या अध्यायातले अशुद्धतेचे नियम ती अशा आवाजात म्हणते की रोग्याला वाळीत टाकणं म्हणजे काय ते अंगावर येतं. आणि त्यातच स्तोत्र ८८ होतं! मी भावाच्या पलंगावर बसून ते तीनदा ऐकलं आणि त्याच्यासाठी पहिल्यांदा रडले.

हे स्तोत्र शेवटपर्यंत उजेडात येत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. ते गोड चालीत बसवणं मला खोटं वाटतं.

मामांना सीडी ऐकवली. "किंचाळणं म्हणजे प्रार्थना नव्हे," म्हणाले. पण येशू क्रुसावरून 'माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' असं मोठ्याने ओरडला, हे बायबलमध्ये मत्तयानेच लिहिलंय. ते शब्दही स्तोत्र २२ चे. आणि मामांनी स्वतः लहानपणी मयताच्या मिस्सेत 'दीएस ईरे' हे लॅटिन गीत गायलंय, फादर काळी वस्त्रं घालायचे तेव्हा. क्रोधाचा दिवस, जगाची राख! १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, त्यानंतर ते अंत्यविधीतून गेलं. म्हणजे काळोख आधी आमच्याच चर्चमध्ये होता.

तरी गळ्यात क्रूस घालणारा प्रत्येक बँड प्रार्थना करतो असं मी म्हणत नाही. काहींना क्रूस नुसता सजावटीला हवा असतो. गॅलासचं 'मी ख्रिस्तविरोधक' म्हणणारं गाणं मी आजही न ऐकता वगळते. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये ती अंगाला रक्त माखून गायली, ते सगळ्यांना झेपेल असंही नाही. मुलगा झोपत नसेल, जेवत नसेल, तर गाण्यांचं सोडा, त्याच्याशी बोला.

एरवी त्याच्याशेजारी बसा आणि कुठलं स्तोत्र आहे ते विचारा.

मामा आता ऐंशी पार आहेत. माझ्या मयताच्या मिस्सेत स्तोत्र ८८ वाचायचं, हे मी घरी लिहून ठेवलंय, आणि तो कागद त्यांना दाखवलाय.