दांडी हलवली की डिम येतो-जातो: जुन्या मारुती ८००चा लाइट स्विच

दोन्ही डिम (हेडलाइटचे जवळचे झोत) एकदम जातात, दांडी जरा वर-खाली केली की परत येतात, अप्पर (लांबचा झोत) ठणठणीत आहे आणि स्टिअरिंगपाशी जळका वास येतो, असं तुम्ही लिहिलंय. मग बल्बमागे लागू नका. एकच दिवा गेला असता तर बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग बघायला सांगितलं असतं. इथे संशय कॉम्बिनेशन स्विचच्या (म्हणजे ती दांडी असलेल्या स्विचच्या) डिमच्या पॉइंटवर आहे, नाहीतर त्याच्या कपलरवर, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगवर.

रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नसलेल्या गाडीत दिव्यांचा सगळा करंट या स्विचमधून जातो. ५५ वॉटचे दोन डिम म्हणजे १२ व्होल्टला ९ अँपिअरच्या वर. पॉइंटवर कार्बन धरून नुसता ०.१ ओहमचा अडथळा आला तरी जवळपास १ व्होल्ट तिथेच पडतो आणि ८ वॉटची उष्णता बोटभर प्लॅस्टिकच्या पोटात तयार होते. प्लॅस्टिक मऊ पडतं, पॉइंटचा दाब कमी होतो, अडथळा आणखी वाढतो. १००/९०चे (अप्पर १००, डिम ९० वॉट) बल्ब टाकायचा सल्ला मिळालाय म्हणता, तो कृपया विसरा. करंट १५ अँपिअरवर जाईल आणि त्याच पॉइंटवरची उष्णता अडीच पटीहून जास्त होईल. उजेड मंद वाटतो तो वाटेत पडणाऱ्या व्होल्टेजमुळे: बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. इगतपुरीच्या धुक्यात आणि कसारा घाटात हे चांगलंच जाणवतं.

खात्री मल्टिमीटरने करा. इंजिन आणि डिम चालू ठेवा. बॅटरीवर साडेतेरा ते सव्वाचौदा व्होल्ट हवेत. मग कपलर न काढता, त्याच्या मागच्या बाजूने मीटरची दोन टोकं स्विचच्या आत येणाऱ्या आणि डिमकडे जाणाऱ्या वायरला लावा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर स्विच कामातून गेला. स्विचवर आकडा चांगला आणि बल्बवर मात्र व्होल्टेज कमी, असं असेल तर वायर, होल्डर आणि अर्थिंग तपासा.

बदलताना आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. (एअरबॅग असलेल्या गाडीत हे काम घरी करू नका.) चाकं सरळ ठेवा, हॉर्न पॅड काढा, शाफ्ट आणि स्टिअरिंग यांवर एका रेषेत मार्करची खूण करा. नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. नाहीतर ओढताना स्टिअरिंग सुटून थेट तोंडावर येतं. शाफ्टवर हातोडी मारायची नाही, अडलं तर पुलर (स्टिअरिंग ओढून काढायचं हत्यार) वापरा. स्टिअरिंग निघालं की खालचं कव्हर, मग कपलर, मग स्विचचे स्क्रू.

कपलर उजेडात नीट बघा. पिन काळी-निळी पडली असेल किंवा प्लॅस्टिक तपकिरी झालं असेल, तर ती पिन बदलून वायरवर नीट क्रिंप करा (पक्कडीने दाबून घट्ट बसवा). हे टाळलं तर नवा स्विचही त्याच जागी जळतो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो. दुकानात नुसतं वर्ष सांगू नका, जुना स्विच सोबत न्या आणि कपलरचा आकार व पिनांची संख्या जुळवा. बसवण्याआधी मीटरने पार्किंग, डिम, अप्पर, इंडिकेटर सगळी कंटिन्युइटी (आतली जोडणी सलग आहे का ते) बघा. स्टिअरिंग दुसऱ्यांदा उतरवायचा कंटाळा कुणालाही येतो.

स्विच बदलून थांबू नका, डिम-अप्परला दोन रिले लावा. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीजवळच १५ अँपिअरचा फ्यूज, ८७वरून बल्ब. स्विचला मग फक्त रिलेच्या कॉइलचा करंट, म्हणजे पाव अँपिअरही नाही.

रिलेचं तयार किट घेण्याआधी एक तपासणी करा. दोन्ही होल्डर बल्बवरून काढा, टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा, लाइट चालू करा. डिमवरून अप्पर केल्यावर लॅम्प पेटणारी पिन बदलली तर स्विचिंग पॉझिटिव्ह: तिथे स्विच बल्बकडे जाणारा प्लस तोडतो-जोडतो. लॅम्प त्याच पिनवर तसाच पेटत राहिला तर निगेटिव्ह: तिथे स्विच अर्थ तोडतो-जोडतो. अशा गाडीत कॉइलचं एक टोक बॉडीला जोडणारं साधं किट लावलं की रिले टिक् सुद्धा करत नाही. तिथे कॉइलचं एक टोक होल्डरच्या त्या कायम पेटणाऱ्या पिनला आणि दुसरं डिम किंवा अप्परच्या पिनला जोडायचं. बल्बचं अर्थिंगही मग जुन्या हार्नेसमधून नाही, नव्या वायरने थेट बॉडीवर द्या, रंग खरवडून.

बल्ब ६०/५५चेच ठेवा. होल्डर सिरॅमिकचे घ्या, प्लॅस्टिकचे जुने होल्डर बहुतेक आतून भाजलेलेच निघतात.