पिकअप ऑफरोडलाही नेतो आणि ट्रेलरही ओढतो, ४ इंचाची लिफ्ट करू का?

आधी तुमचा प्रश्न परत लिहितो, नाहीतर मी भरकटतो ही माझी जुनी खोड आहे. डबल कॅब पिकअप, पुढे कॉइल (गुंडाळीची स्प्रिंग) मागे पाटे, महिन्यातून एकदोनदा दगडाधोंड्यांच्या वाटेवर, वर्षातून पाचसहा वेळा साधारण दोन टनाचा ट्रेलर. तुम्ही विचारताय ४ इंच लिफ्ट करू का, म्हणजे गाडी चाकांपासून तेवढी वर उचलू का, पुढे स्पेसर (उंची वाढवणारी चकती) आणि मागे ब्लॉक (पाट्याखाली घालायचा ठोकळा) टाकून भागेल का, आणि मागून गाडी बसू नये म्हणून एअरबॅग (अपघातातली नव्हे, स्प्रिंगला जोड देणारी हवेची पिशवी) टाकू का.

नका करू. ४ इंच नको, ब्लॉक तर अजिबातच नको. ४० ते ५० मिमी करा, म्हणजे दीड-दोन इंच, आणि तेही स्प्रिंग, पाटे, शॉकअप सगळं एकमेकांना जुळणारं घेऊन. एअरबॅगचं पुढे सांगतो.

आता एवढ्या तावातावाने का सांगतोय, तर तुम्ही लिहिलेली यादी जशीच्या तशी माझ्या गाडीखाली होती. पुढे स्पेसर, मागे ब्लॉक, वर लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी). आणि ती यादी माझी नव्हती, आमच्या भाऊजींची होती. मोठ्या ताईचे मिस्टर, त्यामुळे उलटून बोलायची सोय नाही, आणि घरात कुणाचीही गाडी कुरकुरली की पहिला फोन त्यांना. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "गाडी उंच असली की अर्धं ऑफरोडिंग तिथेच झालं." मी पाटे बदलायचं म्हटलं तर म्हणाले कशाला, पाटे चांगलेत, खाली ब्लॉक सरकव, अर्ध्या दिवसाचं काम. मी ऐकलं.

अर्ध्या दिवसातच झालं हे मात्र खरं. गाडी दिसायलाही भारी दिसायला लागली, मी स्वतः सतरा फोटो काढले, खोटं कशाला बोलू.

पण उंची म्हणजे नेमकं काय उंच झालं ते बघा. मागे सलग अ‍ॅक्सल आहे, दोन्ही चाकं जोडणारा दांडा, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा (चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरचा) गोळा लटकतोय, तोच सगळ्यात आधी दगडाला लागतो. तुम्ही ४ इंच लिफ्ट करा नाहीतर १४ इंच, तो गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, कारण तो चाकांना धरून आहे, चेसिसला नाही. तो उचलायचा तर टायर मोठा लागतो, आणि टायर ३१ इंचाचा ३३ केला तरी गोळा उचलला जातो फक्त १ इंच, कारण वाढलेल्या व्यासाचा अर्धाच भाग अ‍ॅक्सलच्या खाली येतो. वर गिअरिंग जड होतं, ट्रेलर घेऊन चढावर ते लगेच जाणवतं, आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना तुम्ही १०६ ने जात असता. लिफ्टने बंपरचा, पोटाचा कोन सुधारतो, टायरला कमानीत जागा मिळते. तेवढंच. भाऊजींना हे मी कागदावर चित्र काढून दाखवलंय, तर म्हणाले चित्र चुकलंय.

पुढच्या स्पेसरची गोष्ट वेगळी. स्ट्रटच्या (कॉइल आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाच्या) डोक्यावर चकती बसवली की चाकाशी लिफ्ट चकतीच्या जाडीच्या जवळजवळ दुप्पट मिळते, कारण स्ट्रट चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर आतल्या बाजूला बसलेला असतो. म्हणून स्वस्तात काम झाल्यासारखं वाटतं. पण चाकाची एकूण हालचाल वाढत नाही, ती अख्खीच्या अख्खी खाली सरकते. चाक खड्ड्यात सुटलं की आर्म आणि सांधे आपल्या शेवटच्या कोनाला जाऊन टेकतात, उंचवट्यावरून उतरताना ठक्क. माझा वरचा आर्म तर इतका खाली झुकला होता की कॉइलला टेकायचा बाकी होता. सीव्ही जॉइंट (चाक वळलं, हललं तरी त्याला जोर पोचवणारा सांधा) कायम वाकडा, वर्षभरात त्याचा डावा बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटून रिमच्या आतल्या बाजूला सगळं ग्रीस. आणि कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झाल्यामुळे वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं ते आळसावलं.

मागच्या ब्लॉकचं मला पहिल्या आठवड्यातच कळायला हवं होतं. गाडी पहिल्या गिअरमधे उचलताना खालून धडधड यायची. भाऊजी म्हणाले डिझेल आहे, हलणारच. डिझेल कसलं, दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा फिरता दांडा) होता, मागचं टोक खाली गेलं आणि त्याला मधे आधार देणारं सेंटर बेअरिंग जिथल्या तिथे, कोन बिघडला. शिवाय ब्लॉक म्हणजे अ‍ॅक्सल आणि पाट्याच्या मधे घातलेली पहार समजा, जोर लावला की अ‍ॅक्सल स्वतःभोवती पिळतो आणि ती पहार पाट्याला एस आकारात मुरगाळते. मोकळ्या गाडीला एकवेळ चालून जातं, मागे दोन टन लटकले की नाही.

तर मग तो दिवस. भाऊजींनी एक जुनी जीप घेतली होती, गिअरबॉक्सची बोंब असलेली, ती आणायची होती. जीप साधारण १४०० किलो, दोन अ‍ॅक्सलचा ट्रेलर ६०० च्या आसपास, म्हणजे तुमच्याइतकेच दोन टन. गाडी माझी, मीच चालवत होतो. लिफ्टमुळे मागचा हिच बॉल, ज्याला ट्रेलर अडकवतात तो, वर गेलेला, खाली उतरणारा बॉल माउंट मी घेतला नव्हता, त्यामुळे ट्रेलरचं नाक आकाशात. भाऊजी म्हणाले, "रॉकेट दिसतंय."

लांब उतार होता, रस्ता चांगला, ताशी ७० च्या आसपास. आधी सीटखाली हलकंसं डुलल्यासारखं वाटलं, वारा असेल म्हटलं. मग डाव्या आरशात जीपचा मागचा लाल दिवा दिसला. तो तिथे दिसायचं काही कारण नव्हतं. तो गेला आणि उजव्या आरशात दुसरा दिसला. मग परत डावीकडे, आता जवळजवळ अख्खी जीप. घड्याळाच्या लंबकासारखं, फक्त दर झोक्याला थोडं जास्त. स्टिअरिंग हातात होतं पण त्याला वजनच नव्हतं, पुढची चाकं रस्त्यावर नावापुरती. मी ब्रेक मारला, जो मारायचा नसतो. शेजारून भाऊजी ओरडतायत "गॅस दे, गॅस दे, ताणून सरळ होईल!" उतारावर! मी गॅस दिला नाही, ब्रेकही सोडला, स्टिअरिंग नुसतं सरळ धरून ठेवलं, आणि ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबायचं बटण असतं ते तेव्हा आठवलं. दाबलं. ट्रेलरने मागून ओढ घेतली, दोनतीन झोके लहान झाले आणि गाडी कडेच्या खडीत जाऊन थांबली. कुणाला काही झालं नाही. माझे हात थरथरत होते, इंजिन बंद करायला किल्ली सापडेना. आणि भाऊजींचं पहिलं वाक्य, शब्द न् शब्द लक्षात आहे, "लिफ्टमुळे काही नाही हां झालेलं हे."

त्यावर आमचं गेली काही वर्षं चालू आहे, ते म्हणतात लोडिंग चुकलं, मी म्हणतो लिफ्ट. घरात कुणाचंही लग्न असो, बारसं असो, विषय तिथे येतोच.

झालं काय होतं ते सरळ हिशोबाने सांगतो. ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहा टक्के भार बॉलवर यायला हवा, २००० किलोला २०० किलो. हा बॉल गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असतो. समजा तो १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर ३ मीटर. मग पुढची चाकं ८० किलोने हलकी होतात आणि मागच्या अ‍ॅक्सलवर २०० नाही, २८० किलो येतात. हा भार पेलायला पाट्यात दम हवा. माझे पाटे जुनेच, ब्लॉकने उंची दिली, ताकद काडीची वाढवली नाही. गाडी उंच दिसत होती आणि आतून तितकीच बसत होती, भरीला गुरुत्वमध्य वर गेला.

नंतर गॅरेजमधे मेस्त्रीने खाली शिरून एक छोटा दांडा हलवून दाखवला. चेसिसवरच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हपासून मागच्या अ‍ॅक्सलला जातो. बऱ्याच पिकअपना असतो, काहींना नसतो, तेव्हा तुमच्या गाडीखाली बघा. गाडी भरली की मागचा भाग खाली येतो, दांडा हलतो, व्हॉल्व्हला कळतं की माल आहे, मग तो मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. ब्लॉक घातल्यावर अंतर कायमचं वाढलं. म्हणजे दोन टन मागे लावून उतरत असताना माझा व्हॉल्व्ह समजत होता गाडी रिकामी आहे. त्या दांड्याचा ब्रॅकेट लिफ्टइतका सरकवायचा असतो, दहा मिनिटांचं काम, कुणी केलंच नव्हतं. हे मी फोनवर भाऊजींना सांगितलं तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती, मग म्हणाले रेंज नाहीये.

आता तुम्ही काय घ्यायचं. पाटे भारानुसार निवडा, उंचीनुसार नाही. मागे कॅनॉपी (ट्रेवरचं बंद छत), ड्रॉवर, टूलबॉक्स कायम असेल तर कायम भाराचे पाटे. वर्षात पाचसहा वेळाच ट्रेलर असेल तर मधले, कारण जाड पाट्यांनी रिकामी गाडी खडबडीत रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारते आणि चढावर चाक हवेत फिरतं. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), लोखंडी बंपर असेल तर त्या वजनाची कॉइल. शॉकअप त्या लिफ्टच्या लांबीचेच, जुने लावले तर ते पूर्ण ताणून तुटू शकतात. पाटे बदलताना यू बोल्ट नवीनच लावा, जुने एकदा ताणले गेलेले असतात, आणि ५०० किमीनंतर परत टॉर्क तपासा, ते बरेचदा ढिले झालेले असतात. पाट्यांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा, जॅकवर लटकत असताना नाही. मग अलाइनमेंट, हेडलाइट खाली करणं, आणि खालचा बॉल माउंट. ट्रेलर जमिनीला समांतर हवा, नाक किंचित खाली चालेल, वर नाही.

एअरबॅग. पाटा चेसिसला दोन ठिकाणी धरतो, पुढे आणि मागे. एअरबॅग तोच भार अ‍ॅक्सलच्या बरोबर वर एका जागी ढकलते. वर ट्रेमधे माल, मागे लांब बॉल, आणि रस्ता आपटणारा, अशात डबल कॅबचं चेसिस केबिनच्या मागे चक्क वाकतं. सपाट रस्त्यावर, थोडा दाब भरून, लेव्हल करण्यापुरती असेल तर ठीक. बसलेल्या पाट्यावर उपाय म्हणून नाही, आणि ट्रेलर घेऊन कच्च्या वाटेवर तर नाहीच.

कुठल्या कंपनीचा किट ते मी सांगत नाही, त्यावर लोक मारामाऱ्या करतात.

एक राहिलं, लिहू की नको करत होतो. वर आरशात मला जीपचे मागचे दिवे दिसले असं म्हटलं ना, ट्रेलरवर गाडी सरळ चढवली असती तर पुढचे दिसले असते. त्या जीपला फक्त रिव्हर्स पडत होता, म्हणून ती उलटी चढवलेली होती. म्हणजे इंजिन ट्रेलरच्या मागच्या टोकाला आणि बॉलवर भार जेमतेम. ट्रेलर डुलायचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं, बॉलवर भार कमी आणि वेग जास्त, लिफ्ट नसती तरी ती थोडीफार डुललीच असती. आणि वर केलेल्या त्या ८० किलोच्या हिशोबातलं त्या दिवशी थोडंच लागू होतं हेही खरं, भार कमी असेल तर झोका स्वतःच मागचा भाग ढकलतो. चढवली होती मी. भाऊजी खाली उभं राहून "ये, ये, ये" करत होते एवढंच. तेव्हा त्यांचं "लोडिंग चुकलं" हे निम्मं बरोबर आहे, पण निम्मंच, वर गेलेल्या नाकाने उरलासुरला भारही मागे सरकवला आणि ब्रेकचा व्हॉल्व्ह तर त्यांच्याच ब्लॉकने फसवला. हे त्यांच्यासमोर मी कबूल केलेलं नाही आणि करणार नाही.

आणि हो, लिफ्टने गाडीची ओढायची क्षमता वाढत नाही, कंपनीने दिलेला एकूण वजनाचा आकडा तोच राहतो, उलट बंपर-विंच लावत गेलात तर त्यातलं तुमच्यासाठी कमीच उरतं. तुमच्याकडचा बदलाचा नियम किती मिमीपर्यंत परवानगी देतो ते आधी बघा आणि विमावाल्यांना लेखी कळवा.

खरेदीच्या आधी ट्रेलर जोडून आणि सोडून चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. मग वजनकाट्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळा तोला, बॉलवरचा भारही. हे आकडे लिहा, मी स्प्रिंगचा दर, म्हणजे किती कडक हवी ते, सांगतो. नुसतं किती इंच एवढंच विचारायचं असेल तर भाऊजींचा नंबर देतो, ते चार म्हणतील.