शहराचे आवाज रेकॉर्ड करतोयस? मग आधी पुण्याच्या तांबट आळीत जा

अरे महागडा रेकॉर्डर लगेच घेऊ नकोस, सुरुवातीला मोबाईल पण चालेल, फक्त फाइल वेव्ह (.wav) मधे ठेव, जमलं तर 48 किलोहर्ट्झ 24 बिट, एमपी3 नको, कारण नंतर आवाज ताणून चौपट हळू केलास की त्यातला सगळा कचरा वर येतो.

लक्ष्मी रोडचे हॉर्न सगळेच आणतात, मला तरी कंटाळा आलाय. तू कसब्यात तांबट आळीत जा, तिथे तांब्याची भांडी ठोकून घडवतात, आधी कारागिरांशी बोल, परवानगी घे, मगच माइक काढ. हातोडा भांड्यावर जरा सरकला की नाद बदलतो, तिथे पिझोचा कॉन्टॅक्ट माइक, म्हणजे वस्तूलाच चिकटवायची चकती, भारी पडतो (बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी स्वस्तात मिळतो, दोन वायरी सोल्डर केल्या की झालं), तो हवेतला नाही तर धातूतलाच कंप पकडतो म्हणून ट्रॅफिक जवळपास गायब. फक्त प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा डबा) हाय इंपिडन्स इनपुटचा घे, नाहीतर बेस जातो. आणि पुढे हे आवाज प्रदर्शनात मांडशील तेव्हा त्या इन्स्टॉलेशनमधे स्पीकर कशाला, हंड्याला एक्सायटर (ज्याला चिकटेल त्यालाच थरथरवणारा, पडदा नसलेला स्पीकर) चिकटव ना, हंडाच वाजेल!

ढोलपथकाच्या सरावाला मात्र गेन (रेकॉर्डिंगची पातळी) खाली, पीक -12 डेसिबलच्या आसपास, क्लिप झालेलं, म्हणजे पातळीबाहेर जाऊन फाटलेलं, परत येत नाही, आणि कानात बोळे घालच.

पिएर शेफर या फ्रेंच संगीतकाराने 1948 ला पॅरिसमधे रेल्वेचे आवाज जोडून संगीत केलं तेव्हा हाताशी टेपही नव्हती, सगळं डिस्कवर, त्यामुळे सॉफ्टवेअर कुठलं हे विचारत बसू नकोस. फाइलला नाव त्याच दिवशी दे, जागा, वेळ, माइक कुठे होता, सगळं.