एएलपी कमी आला तर हाडांची काळजी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ४४, एएलपी (अल्कलाइन फॉस्फटेज, रक्तात मोजतात ते एन्झाइम) २६ आलाय, टाच आणि पाऊल वर्षभर दुखतंय, आणि डॉक्टर म्हणाले, "वाढला असता तर बघितलं असतं, कमी आहे ते चांगलंच." हे वाक्य मी आमच्या घरात सहा वर्षं ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागेवाले. आई ४७ वर्षांची असताना ऑक्टोबर छाटणीच्या काड्या गोळा करताना तिचं पाऊल दुखायला लागलं. पडली नाही, मुरगळलं नाही. थोरल्या काकांनी हाडवैद्याकडे नेलं, लेप बांधला. दोन महिने ती लंगडतच विरळणीला येत होती. शेवटी एक्स-रे काढला तर बोटांमागच्या लांब हाडाला चीर. भरायला पाच महिने लागले. पुढच्या वर्षी दुसऱ्या पायाला तेच. काकांचं ठरलेलं वाक्य होतं, "काम निघालं की वहिनीचा पाय दुखतोय." सगळ्यांसमोर म्हणायचे, अगदी मजुरांच्या बायकांसमोरसुद्धा. आई काही बोलायची नाही.

मग एका डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झालीत म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली. तीन वर्षं घेतली. पाऊल तर बरं झालंच नाही, वर मांडी दुखायला लागली. तेव्हा मी हट्टानं मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे नंतर बघितला, आधी विचारलं, "दुधाचे दात कधी पडले?" आई म्हणाली, शाळेत घालायच्या आधीच पुढचे चार गेले, मुळासकट, आजीनं पत्र्यावर टाकले. मग त्यांनी जुनी फाईल मागितली. एएलपी २२, १९, २४. सहा वर्षांत एकदाही ३० च्या वर नाही. प्रत्येक कागदावर आकड्याशेजारी खालच्या दिशेचा बाण होता. कोणीच मनावर घेतला नव्हता, मीही नाही.

आजाराचं नाव हायपोफॉस्फटेशिया. दुधाचे दात लवकर आणि मुळासकट पडणं ही याचीच खूण. १९४८ साली कॅनडातल्या रॅथबन नावाच्या डॉक्टरांनी हे नाव दिलं, म्हणजे काही कालपरवाचं फॅड नाही. एएलपीचं हाडातलं काम म्हणजे पायरोफॉस्फेट तोडणं. ते तुटलं नाही की साठतं आणि कॅल्शियम-फॉस्फरस हाडात बसू देत नाही. ती आठवड्याची गोळी रचनेनं या पायरोफॉस्फेटचीच बहीण, आणि एएलपी आणखी खाली आणते. म्हणजे आधीच अडलेल्या वाटेवर आपण तीन वर्षं दगड टाकत होतो. रक्तातलं बी-६ जीवनसत्त्व खूप वाढलेलं निघालं, मग जनुकाच्या तपासणीत एएलपी बनवणाऱ्या एएलपीएल या जनुकात दोष सापडला. गोळी त्या दिवशी बंद केली.

तेव्हा माझं स्पष्ट मत: हाडाच्या ठिसूळपणाची गोळी सुरू करण्याआधी एएलपी बघितलाच पाहिजे. डी जीवनसत्त्व कमी पडून हाडं मऊ होतात तेव्हा एएलपी सहसा वाढतो. हाडं दुखतायत, मोडतायत आणि एएलपी मात्र तळाला, हे चित्र वेगळं आहे, त्याला "चांगलंच" म्हणू नका. स्वतःच्या मनानं कॅल्शियम आणि डी-चे डोसही वाढवू नका. आणि घरात कोणी तुमच्या दुखण्याला नाटक म्हणत असेल तर एक्स-रे त्याच्या हातात द्या. मी काकांना दिला होता. त्यांनी उजेडाकडे धरून बघितला, परत दिला, आणि त्यानंतर आईला बागेत कधी बोलावलं नाही. माफी मात्र आजतागायत मागितलेली नाही.

हे आधी सांगायला हवं होतं: एकदा आकडा कमी आला म्हणजे हा आजार झाला असं नाही. थायरॉइड मंद असणं, जस्त किंवा मॅग्नेशियमची कमतरता, कुपोषण, यानंही तो उतरतो. रक्त चुकीच्या नळीत, म्हणजे ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत, गेलं तरी खोटा कमी दिसतो. तेव्हा कॅल्शियमही कमी आणि पोटॅशियम जास्त येतं. म्हणून तपासणी पुन्हा करा, जुने रिपोर्ट शोधा, आणि प्रौढांची मर्यादा लॅबनुसार थोडी बदलते तीही बघा. बी-६ तपासायचं झालं तर त्याच्या गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. तुमच्या दातांचं मात्र आजच आईला विचारा.

माझा स्वतःचा एएलपी ३१ आहे, मला अजून काही त्रास नाही. मुलीचा पहिला दात साडेतीन वर्षांची असताना पडला, मुळासकट. तो मी पत्र्यावर टाकू दिला नाही. डबीत ठेवलाय, पुढच्या सोमवारी मिरजेला नेणार आहे.