मी चुकले म्हणून देव शिक्षा करतोय का?

माझ्याकडे आलेल्या एका आईच्या मुलाचा ताप उतरत नव्हता, आणि तिच्या मते कारण उघड होतं: त्या आठवड्यात दोनदा तिची सकाळची प्रार्थना राहिली होती. तिने वहीच पुढे ठेवली. चुकलेल्या प्रार्थना, मुलावर ओरडणं, मनात आलेले वाईट विचार, सगळं तारखेनिशी. कित्येक महिने चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याच्या विधीच्या वेळीही ती जागेवरच बसून राहत होती.

मुलाला डॉक्टरांना दाखवलंय, एवढी खात्री आधी करून घेतली. मग म्हटलं, "ताई, बायबलमधला निर्गमचा 24वा अध्याय आणि यिर्मयाचा 31वा काढा. दोन्हीकडे देवाचा आपल्या लोकांशी करार आहे. 'करीन', 'करू' कोण म्हणतंय, त्याखाली रेघ ओढा."

निर्गमात सीनाय डोंगरापाशी लोक म्हणाले, परमेश्वर सांगतो ते सगळं आम्ही करू. मनापासूनच म्हणाले असतील. पण निर्गमच्याच 32व्या अध्यायात त्यांनी पूजेसाठी केलेलं सोन्याचं वासरू उभं आहे. यिर्मयात मात्र शब्द देणारा देव एकटाच. नियमशास्त्र, म्हणजे माझ्या आज्ञा, त्यांच्या हृदयावर लिहीन, अधर्माची क्षमा करीन, पाप यापुढे आठवणार नाही.

तिची पेन्सिल यिर्मयाच्या त्याच अध्यायातल्या 32व्या ओळीवर अडली. "त्यांनी आधीचा करार मोडला होता, तरीही?"

तरीही. नवा करार म्हणजे, आधीचा करार मोडणाऱ्यांनाच दिलेलं वचन आहे. शेवटच्या भोजनात येशूने प्याला हाती घेऊन, हा माझ्या रक्तातला नवा करार, असं म्हटलं, तेव्हा मेजाशी त्याच रात्री पुढे त्याला नाकारणारा त्याचा शिष्य पेत्रही होता. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं.

ती गप्प झाली. मग खरी भीती बाहेर आली. "धाकच गेला, तर मी वाटेल तशी वागेन."

प्रेषित पौलाने हाच प्रश्न बायबलमधल्या रोमकरांस पत्रात घेतलाय: आपण कृपेच्या अधीन आहोत, म्हणून पाप करावं काय? कधीच नाही, असं तो ठणकावतो. मी तिला विचारलं, "मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसलात, ते कुणाच्या धाकाने?" ती रडायला लागली. हृदयावर लिहिलेलं नियमशास्त्र असंच असतं, आज्ञा तीच, पण ती आतून येते.

चुका मोजण्यात तास जात असतील, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही जरूर भेटावं. त्याने विश्वास उणा ठरत नाही.

वही ती परत घेऊन गेली. टाकून द्या, असं मीही म्हटलं नाही. चौथ्या भेटीत तिने सांगितलं, या रविवारी तिने प्याला घेतला.