इंग्लंडच्या एनआयसीयूत यायचंय? मग वॉर्डचं नाव ऑफर लेटरमध्येच लिहून घे

तुझा प्रश्न नीट वाचला. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालाय, सांगलीतल्या खासगी हॉस्पिटलच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तीन वर्षं काढलीस, इंग्लंडला येऊनही अत्यवस्थ नवजात बाळांचंच काम करायचंय, आणि एजंट पाच लाख मागतोय. मी इथे यॉर्कशरमधल्या एका युनिटमध्ये हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एजंटचं. त्याला एक रुपयाही देऊ नकोस. नोकरी मिळवून देण्याचे पैसे उमेदवाराकडून घ्यायला ब्रिटनमध्ये कायद्यानेच मनाई आहे. एजन्सीने ते हॉस्पिटलकडून घ्यायचे असतात. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) एम्प्लॉयर्सच्या संकेतस्थळावर नियम पाळणाऱ्या एजन्सींची यादी आहे, त्यात त्याचं नाव आहे का बघ. तुझा खरा खर्च परीक्षांचा आणि नर्सची नोंदणी करणाऱ्या एनएमसी या इथल्या संस्थेच्या फीचा. त्यातलाही काही भाग बरीच हॉस्पिटलं परत देतात.

नोंदणीचा क्रम सरळ आहे. इंग्रजीसाठी ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजी परीक्षा) किंवा आयईएलटीएस (सर्वसाधारण इंग्रजी परीक्षा). आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ लागतात. मला विचारशील तर ओईटी दे, कारण त्यातलं पत्रलेखन आणि संभाषण आपल्याच कामातलं असतं. मग सीबीटी, म्हणजे संगणकावरची लेखी परीक्षा, ती भारतातच देता येते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी लागते. तो अर्ज लवकर टाक आणि पाठपुरावा सोडू नकोस. शेवटची ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा मात्र इथे आल्यावरच.

आता ज्यावर पुढचं सगळं ठरतं ते. इथे नवजात बाळांच्या नर्सची वेगळी नोंदणी नाही. प्रौढ, बाल, मानसिक आरोग्य आणि लर्निंग डिसॅबिलिटी अशा चार शाखा आहेत, आणि आपलं शिक्षण जनरल असल्यामुळे भारतातून येणाऱ्या बहुतेकींची नोंदणी प्रौढ शाखेतच होते. तशी नोंदणी असलेली नर्स नवजात युनिटमध्ये काम करू शकते, त्याची काळजी नको. पण ओएससीई मोठ्या माणसांची असते, म्हणजे रोज वेंटिलेटरवरची बाळं सांभाळणाऱ्या तुला पुन्हा प्रौढ रुग्णाचं असेसमेंट आणि केअर प्लॅन घोटावे लागतील. शिवाय ऑफर लेटरमध्ये नुसतं ‘स्टाफ नर्स, बँड ५’ (बँड म्हणजे पगाराची श्रेणी) लिहिलेलं असेल, तर तुला मेडिसिन वॉर्डमध्येही टाकतील. तिथून बदली मागत बसण्यात उमेद संपलेल्या मुली मी पाहिल्यात. म्हणून ‘निओनेटल युनिट’ हे शब्द लेखी घे. इंटरव्ह्यूतही विचार, युनिट कोणत्या दर्जाचं आहे: स्पेशल केअर, लोकल निओनेटल युनिट की एनआयसीयू, हा क्रम कमी गंभीर बाळांकडून जास्त गंभीर बाळांकडे जातो. खूपच लवकर जन्मलेली बाळं शक्यतो एनआयसीयूतच हलवतात.

तुझा अनुभव उपयोगी पडेल, पण आल्याआल्या वेंटिलेटरवरचं बाळ एकटीच्या हाती देणार नाहीत. मनाला लावून घेऊ नकोस. आधी स्पेशल केअर, मग हाय डिपेन्डन्सी (त्याहून गंभीर, पण अतिदक्षतेपेक्षा कमी), आणि मग ‘क्यूआयएस’ हा नवजात बाळांच्या नर्सिंगचा विशेष अभ्यासक्रम. तो झाला की अतिदक्षतेतली बाळं तुझी, आणि बँड ६ ची वाटही तिथूनच. इथलं प्रमाण अतिदक्षतेत एका बाळाला एक नर्स, हाय डिपेन्डन्सीत दोघांना एक, स्पेशल केअरमध्ये चौघांना एक असं ठरलेलं आहे. स्टाफ कमी असला की तेही मोडतं, पण मोडलं की नोंद होते. औषधाचा डोस दोघी स्वतंत्रपणे काढतात आणि उत्तर जुळल्यावरच सिरिंज बाळापाशी नेतात. सहाशे ग्रॅमच्या बाळाला दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी काय होतं, हे तुला सांगायला नको.

सगळ्यात मोठा फरक आईबापांचा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी आईला फीडच्या वेळेलाच आत घेतात. इथे आईवडील दिवसरात्र इन्क्युबेटरपाशी असतात, आणि त्यांना बाळाचं करायला शिकवणं हे तुझंच काम. चोविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाला पहिल्यांदा हात लावताना आई हमखास बोटाने कुरवाळायला जाते, आणि बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) खाली येतं. तिला सांगायचं, ‘कुरवाळू नका, एक तळहात डोक्यावर, दुसरा पायांशी, आणि हात स्थिर ठेवा.’ मॉनिटरवरचा आकडा हळूहळू वर येतो आणि आईचे खांदे सैल पडतात. वेंटिलेटरवरचं बाळसुद्धा आईच्या छातीवर देतात. एक नर्स ट्यूब धरते, दुसरी बाळ उचलते. बाळ वाचणार नसेल तर हातापायांचे ठसे घ्यायचे, आईबापांना हवा तेवढा वेळ त्याच्याजवळ बसू द्यायचं. हे बोलणं तुला इंग्रजीत, न घाबरता जमलं पाहिजे. माझ्या मते परीक्षेपेक्षा हीच तयारी जास्त महत्त्वाची.

इंटरव्ह्यूत आपल्याकडचं काम कमी लेखू नकोस. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्येच आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू केली. कांगारू केअर (बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरणं), कमी साधनांत संसर्ग टाळणं, हे तू केलेलं असेल तर उदाहरणासह सांग.

एक कटू गोष्टही. काही वर्षांपूर्वीसारखी भरती आता नाही. परदेशी नर्सच्या जागा खूप कमी झाल्यात. म्हणून हातची नोकरी सोडू नकोस, आणि ऑफर आल्याशिवाय कर्ज काढू नकोस. या महिन्यात मेट्रनकडून अनुभवाचं पत्र मात्र घेऊन ठेव. त्यात वेंटिलेटर, सीपॅप (श्वासाला आधार देणारं यंत्र), अंबिलिकल लाइन (नाळेतून घातलेली नळी), फोटोथेरपी (काविळीसाठी प्रकाशाचा उपचार) असं काय काय सांभाळलंस ते नावानिशी यायला हवं. ओईटीची तारीख ठरली की कळव, बोलण्याचा सराव आपण फोनवर करू.