मन ओढू नकोस

बाळा, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून कष्टी होऊ नकोस. तू मनाशी झटापट करतोस, तिथेच अडतंय. मीही पहिलं वर्षभर ध्यानाला मुठी आवळूनच बसत असे.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढतात तेव्हा एकदा उभा राहून बघ. जाळ्याची दोन्ही टोकं सारख्या लयीत येतात, कुणी हिसडे देत नाही. श्वासही तसाच सोडायचा. पहाटे पडवीत बस, पाठ सरळ, खांदे सैल. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून तो लांबवायचा. अंक सेकंदाच्या अंदाजाने मोजलेस तर मिनिटाला 6 श्वास होतात. दम लागला तर मोजणं कमी कर, ओढाताण नको.

मन गाजेच्या आवाजामागे जाईल, कालच्या भांडणाकडे जाईल. गेलं हे कळलं की पुन्हा श्वासावर ये, स्वतःला रागावू नकोस. हे परतणंच खरा सराव, असं मी मनापासून मानतो.

10 मिनिटं पुरेत. मग लगेच पुस्तक उघड, एकच धडा घे. आणि मोबाइल? तो माजघरात, आईजवळ.